रेंज अंगणात, बोलणं घरात

मैत्रिणींनो, तुमच्या घरात मोबाईलला रेंज नक्की कुठे येते? हल्ली भेटेल त्या बाईला मी हा प्रश्न विचारते, आणि उत्तरं ऐकण्यासारखी असतात. कुणाकडे स्वयंपाकघराच्या खिडकीत येते, तीसुद्धा डाव्या कोपऱ्यात. कुणाकडे जिन्याच्या अगदी वरच्या पायरीवर. एकीने तर सांगितलं, "आमच्याकडे फक्त न्हाणीघरात!" आमच्या पेणच्या घरी गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ उभं राहिलं की दोन दांड्या दिसतात. माझ्या धाकट्या बहिणीला रोह्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी एका गावात दिली आहे. तिच्याकडे रेंज येते ती अंगणात, तुळशीवृंदावनापासून दोन पावलं पुढे. घरात शिरलं की गेली.

ही गोष्ट आम्ही कित्येक वर्षं चेष्टेवारी नेली. अंगणाला लागून ओटी. ओटीवर सकाळ-संध्याकाळ तिचे सासरे, शेजारचे दोघे-तिघे, वर्तमानपत्र आणि चहा. आणि समोर अंगणात माझी बहीण एका कानात बोट घालून "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" म्हणून ओरडणार. त्यामुळे आमचं बोलणं ठरून गेल्यासारखं झालं होतं. बरी आहेस? बरी आहे. पाऊस? आहे. मुलं? मजेत. झालं, ठेवते. फोन खाली ठेवला की मला वाटायचं, चला, बहिणीची खुशाली कळली.

गेल्या भाऊबिजेला आम्ही दोघी माहेरी जमलो. आमचं माहेरही पेणचंच. तिला दारात पाहिलं आणि आईच्या हातातलं तबक खाली यायचं राहिलं. पोर पांढरीफटक पडली होती. ओवाळून झाल्यावर माडीवर जाताना मधल्या पायरीवर बसून धापा टाकायला लागली. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. हिमोग्लोबिन साडेसहा निघालं, सोनोग्राफीत गर्भाशयातल्या गाठी दिसल्या. आषाढापासून तिला दर महिन्याला दहा-दहा, बारा-बारा दिवस जात होतं आणि ती पोरींना शाळेत सोडून, भात लावून, गणपतीची वीस माणसं जेवू घालून तशीच वावरत होती.

मी चिडले. म्हटलं, "अगं, सांगितलं का नाहीस?"

ती म्हणाली, "कुठे उभी राहून सांगू, ताई? ओटीवर चार पुरुषमाणसं. मी अंगणातून ओरडून सांगू का, मला काय होतंय ते?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. तुम्ही म्हणाल, मेसेज करायचा. पण तिचा फोन मुलांच्या अभ्यासाचाही फोन. आलेला मेसेज मुलगाच मोठ्याने वाचून दाखवतो. व्हॉट्सअॅपवर बोलायचं, तर असल्या गोष्टी बाई आधी आईला सांगते, आणि आमच्या आईकडे बटणांचा साधा फोन. त्यावर व्हॉट्सअॅप कुठलं? नवऱ्याला सांगायचं, तर भावोजी पाळीवरून येऊन झोपलेले. सगळा दोष रेंजचा, असं मी म्हणणार नाही. पण त्यात रेंजचाही वाटा आहे, हे मात्र मला त्या दिवशी कळलं. आता औषधं चालू आहेत, रक्त वाढलं आहे, चेहऱ्यावर रंग आला आहे, तेव्हा काळजी नसावी.

आता मुद्द्यावर येते. हे सगळं चाललेलं असताना आमचा भाचा, पॉलिटेक्निकला आहे, शांतपणे चिवडा खात ऐकत होता. त्याने विचारलं, "आत्या, मावशीकडे वायफाय आहे का?"

आहे की! तिचे धाकटे दीर घरून कंपनीचं काम करतात, म्हणून केबलवाल्याने दोन वर्षांपूर्वीच फायबरची तार ओढून दिली आहे. "मग वायफाय कॉलिंग चालू केलंय ना?" आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. त्याने तिचा फोन घेतला, कुठेतरी दोन वेळा बोट लावलं आणि परत दिला. दोन वर्षं ती अंगणात उभी होती, आणि हे बटण तिच्या हातातल्या फोनमध्ये होतं!

हे आहे तरी काय, ते माझ्या शब्दांत सांगते. एरवी आपला आवाज लहरींवाटे मोबाईलच्या मनोऱ्यापर्यंत जातो. मध्ये डोंगर आला, जाड दगडी भिंत आली, सळया घातलेला स्लॅब आला, की लहरी क्षीण होतात. आपल्या कोकणात गच्ची गळू नये म्हणून वर पत्रे चढवतात, ते पत्रे लहरींना आणखी अडवतात. म्हणून रेंज खिडकीत आणि अंगणात असते, माजघरात नसते. वायफाय कॉलिंगमध्ये आवाज मनोऱ्याकडे जातच नाही. घरातल्या वायफायच्या खोक्यातून, तारेवाटे तो आपल्या मोबाईल कंपनीकडे पोचतो आणि तिथून पुढे नेहमीसारखा जातो. नंबर आपलाच, फोन लावायची पद्धत तीच, नवीन अॅप काही नाही. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे समोरच्याकडे वायफाय असायला नको. त्याच्याकडे बटणांचा फोन असो, दवाखान्यातला टेबलावरचा फोन असो, बँक असो, फोन लागतो. आणि त्यांचा आपल्याला येतोही, आपण माजघरात असलो तरी. व्हॉट्सअॅपच्या कॉलमध्ये आणि यात हाच फरक आहे.

आपल्या देशात एअरटेलने ही सोय डिसेंबर २०१९ मध्ये आणली, जिओने जानेवारी २०२० मध्ये, आणि व्होडाफोन-आयडियाने त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपल्या महाराष्ट्र-गोव्यापासून सुरुवात केली. बीएसएनएल सगळ्यांत शेवटी आली. म्हणजे गोष्ट काही काल-परवाची नाही. आपल्याला कुणी सांगितलीच नाही, एवढंच.

वेगळे पैसे पडत नाहीत. तुमच्या रिचार्जमध्ये जे बोलणं धरलेलं आहे, त्यातच हे येतं. रिचार्जची मुदत मात्र चालू हवी. ती संपली तर वायफाय असून उपयोग नाही. इंटरनेट किती खर्च होतं? मिनिटाला साधारण एक एमबीच्या आत. मुलं एक गाणं बघतात, त्याच्यापुढे हे काहीच नाही.

आता चालू कसं करायचं. प्रत्येक फोनची मांडणी वेगळी, म्हणून "अमक्या पानावर जा, तमकं दाबा" असं सांगत बसत नाही. सोपी युक्ती सांगते. सेटिंग्ज उघडा. सगळ्यांत वर शोधायची जागा असते, भिंगाचं चित्र असतं, तिथे इंग्रजीत वायफाय कॉलिंग असं लिहा. ते नाव खाली येईल, त्याच्यावर बोट लावा आणि बटण चालू करा. आयफोन असेल तर मोबाईल सर्व्हिस किंवा सेल्युलर असं लिहिलेलं असतं, त्याच्या आत सापडतं. दोन सिमकार्डं असतील तर दोघांचं बटण वेगवेगळं असतं. माझ्या एका मैत्रिणीने एकाचंच चालू केलं आणि आठवडाभर दुसऱ्या नंबरावर फोन येत नाहीत म्हणून कुरकुरत बसली. शिवाय 'व्होल्टे' नावाचं, म्हणजे फोर-जी वरून बोलण्याचं बटण असतं, तेही चालू असू द्या. म्हणजे बोलत बोलत घराबाहेर पडलात तर फोन आपणहून वायफायवरून मनोऱ्याकडे सरकतो, तुटत नाही. निदान तुटू नये अशी अपेक्षा. माझा कधीकधी फाटकापाशी तुटतो.

नाव सापडलंच नाही तर? एक तर फोन जुना आहे, किंवा त्याची आतली प्रणाली अद्ययावत केलेली नाही. अद्ययावत करून पाहा, एकदा बंद करून चालू करा. तरी नसेल तर तुमच्या कंपनीच्या दुकानात विचारा, या फोनवर चालतं का म्हणून. साध्या बटणांच्या फोनवर ही सोय सहसा नसते, त्यामुळे आमची आई अजून गच्चीच्या जिन्यातच आहे.

चालू झालं की नाही, हे ओळखायची माझी आवडती पद्धत अशी : विमानाचं चित्र असलेलं बटण दाबा, म्हणजे फोनचा मनोऱ्याशी संबंध पूर्ण तुटतो. मग वायफाय तेवढं परत चालू करा आणि घरातल्याच कुणाच्या फोनवर रिंग द्या. वाजली, तर तुमचं वायफाय कॉलिंग चालतंय, दुसरा पुरावा नको. नंतर विमान आठवणीने बंद करा बरं का! मी विसरले होते, आणि शाळेच्या बाईंनी बदली तासासाठी मला बाहेर असताना तीन वेळा फोन केला.

आणखी एक घोटाळा होतो. घरात एक दांडी मिणमिणत असते आणि फोन त्या एका दांडीला चिकटून बसतो, वायफायकडे वळतच नाही. मग "तुटतंय, तुटतंय" चालू. काही फोनमध्ये त्याच पानावर 'आधी वायफाय' की 'आधी मोबाईल' असं विचारलेलं असतं. तिथे आधी वायफाय निवडा. फोनची बॅटरी लवकर उतरते अशी तक्रार असेल, तर तीही थोडी कमी होईल. रेंज शोधत राहण्यातच फोन दमत असतो.

बहिणीकडे बटण दाबून काम संपलं नाही. खरी गंमत पुढेच. वायफायचं खोकं ओटीच्या मागच्या खोलीत, टीव्हीच्या मागे, गणपतीच्या फोटोखाली आणि लोखंडी कपाटाला टेकून! माजघरापर्यंत कसंबसं पोचायचं, स्वयंपाकघरात नाहीच. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी यांच्या आड ते ठेवू नये. उंचावर, उघड्यावर आणि जमेल तितकं घराच्या मध्यावर ठेवावं. दिरांनी केबलवाल्याकडून पाच मीटर तार वाढवून घेतली आणि खोकं माजघराच्या फळीवर आणलं. आता चुलीपर्यंत चालतं.

दुसरी अडचण सासऱ्यांची. रात्री साडेनऊला झोपायला जाताना ते घरातली सगळी बटणं बंद करतात, त्यात खोक्याचंही. वीज फुकट जाते म्हणून. त्यांचं चूक नाही, त्या पिढीला ते वळणच आहे. मी हिशेब करून पाठवला. असलं खोकं साधारण दहा वॅट खातं. चोवीस तास, तीस दिवस चालू ठेवलं तर महिन्याला सात-सव्वासात युनिटं. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि काहीच बोलले नाहीत. पण दोन दिवसांनी रात्री दहाला त्यांच्या चुलतभावाचा मुंबईहून फोन आला, तो पलंगावर पडल्या पडल्या घेता आला, आणि तेव्हापासून ते बटण कुणी बंद करत नाही. माझ्या हिशेबापेक्षा तो फोन कामाला आला!

बहिणीने मला एक प्रश्न हळूच विचारला होता. तोच तुमच्यापैकी काहीजणींच्या मनात असेल, म्हणून लिहिते. वायफाय दिरांच्या नावावर आहे, मग मी काय बोलते ते त्यांना ऐकू येईल का, कळेल का? नाही. फोन आणि कंपनी यांच्यामध्ये बोलणं कुलूपबंद होऊन जातं. खोक्याच्या मालकाला फार तर एवढं दिसतं की अमका फोन आपल्या वायफायला जोडलेला आहे. बोलणं त्याला ऐकता येत नाही. घरातलं वायफाय ज्यांच्या हातात, त्यांच्या हातात आपलं बोलणं गेलं, असं होत नाही. वायफायचा पासवर्ड मात्र घरातल्या सुनेलाही माहीत असावा. कितीतरी घरांत तो मुलांना ठाऊक असतो आणि आईला नसतो.

पेणमध्ये या सोयीचा उपयोग मी आणखी एके ठिकाणी पाहिला. आमच्या ओळखीच्या एक बाई गणपतीच्या कारखान्यात आखणी करतात, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखतात. हात असा की मूर्ती आपल्याकडे बघते आहे असं वाटावं. पेणच्या गणपतीला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण कारखाना म्हणजे पत्र्याची मोठी शेड. आषाढ-श्रावणात, ऐन घाईत, मुंबई-पुण्याची गिऱ्हाइकं फोन करणार आणि तो लागणारच नाही. रंगाचे हात पुसून दर वेळी रस्त्यावर कोण धावणार? गेल्या हंगामात शेडमध्ये वायफाय घेतलं आणि मालकांच्या फोनवर हे बटण दाबलं. बाई म्हणाल्या, "आता मला कुणी मधेच उठवत नाही, डोळा बिघडत नाही."

आता यातले उणेही सांगायला हवेत, नाहीतर तुम्ही मलाच बोल लावाल. वीज गेली की खोकं बंद आणि फोनही बंद. आपल्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते मी सांगायला नको. खोक्यासाठी छोटा, डब्याएवढा यूपीएस मिळतो, तो दोन-तीन तास तग धरतो. पण घेण्याआधी केबलवाल्याला विचारा की वीज गेल्यावर त्याच्याकडची यंत्रणा चालू राहते का. ती बंद पडत असेल तर आपला यूपीएस नुसता दिवा दाखवत बसेल. काही घरांत खोकी दोन असतात, फायबरचं एक आणि वायफायचं एक. दोन्हींना वीज लागते. आणि झाडाची फांदी पडून तारच तुटली, तर काहीच इलाज नाही.

३ जून २०२० चं निसर्ग वादळ रायगडात कोण विसरेल? खांब आडवे, झाडं आडवी, कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नाही आणि फोन नाही. तसल्या वेळी वायफाय कॉलिंग काही उपयोगाचं नाही. म्हणून गच्चीची, अंगणाची वाट मोडून टाकू नका. पॉवर बँक भरलेली ठेवा, आणि चार महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून देवघराच्या दाराला आतून चिकटवा. हे माझ्या सासूबाईंचं शिकवणं, आणि त्यांना मोबाईल मुळी वापरताच येत नाही.

रुग्णवाहिकेसाठी १०८ किंवा मदतीसाठी ११२ फिरवायची वेळ आली, तर आधी गाव, वाडी, खुणेची जागा सांगा. वायफायवरून गेलेल्या फोनवर आपण कुठे आहोत ते पलीकडे आपोआप कळेलच असं नाही. बँकेचे ओटीपीचे मेसेज या वाटेने बऱ्याच फोनवर येतात, काहींवर येत नाहीत. नाही आले तर तेवढ्यापुरतं अंगणात जा.

आणि हो, "वायफाय कॉलिंग चालू करून देतो, आलेला ओटीपी सांगा" असा कुणाचा फोन आला तर तत्क्षणी ठेवून द्या. हे बटण दाबायला ओटीपी लागत नाही, पैसे लागत नाहीत, कुठलंही अॅप लागत नाही. चुकून कुणी फसलंच तर १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर आहे, लगेच फिरवावा.

परवा रात्री साडेदहाला बहिणीचा फोन आला. औषधांचं, मुलांचं, जावेचं, भात झोडणीचं असं पाऊण तास बोललो. मधेच तिच्याकडे दार लोटल्याचा आवाज आला आणि ती जावेबद्दल काहीतरी सांगायला लागली, ते इथे लिहिण्यासारखं नाही. गंमत अशी की ती अजून ओरडूनच बोलते. मी म्हटलं, "अगं, हळू बोल, तू घरात आहेस."